पाठ असलेला नंबर

मुख्यालय
४ मार्च

प्रिय ठमे,

पाकीट पाहून तुला वाटेल, वहिनीला फोन परवडेनासा झाला. तसं नाही. माझ्या खोलीत फोन न्यायचा नाही, दाराशीच कपाटात ठेवून आत जायचं. आणि दिवसभर दुसऱ्यांनी काय टाइप केलं ते बघत बसणाऱ्या बाईला संध्याकाळी स्वतःचं काही टाइप करावंसं वाटत नाही. मंगळवार-शुक्रवार इथून तुमच्या पोलीस चौकीला टपालाची पिशवी जाते. तिच्यात आता अधूनमधून माझंही एक पाकीट असेल. तूही लिही.

सोळा तारखेपासून गस्तीच्या सगळ्या गाड्यांमधले कॉम्प्युटर आम्ही बंदोबस्तात घेतोय. कार्ड खाचेत घातल्याशिवाय स्क्रीन उघडणार नाही, वर सहा आकडे टाकावे लागतील, आणि एक मिनिट कुणी हात लावला नाही की स्क्रीन आपोआप लॉक. गेले दोन आठवडे गाड्या वर्कशॉपला येतात आणि मी पुढच्या सीटवर बसून एकेक गाडी उरकते. समोरच्या काचेवरच्या उन्हाच्या झडपेमागे पासवर्डच्या चिठ्ठ्या सापडतात, आतापर्यंत सतरा. बायकोचं नाव, लेकीची जन्मतारीख. एकाने चक्क सासूचं नाव ठेवलं होतं. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, विसरता येणार नाही असं काहीतरी ठेवा, असं तुम्हीच सांगितलं होतं." मी हसले आणि चिठ्ठ्या फाडून टाकल्या.

पण ठमे, हसण्यावारी नेऊ नकोस. घरच्याच माणसाच्या भीतीने पळालेल्या बायकांचे नवे पत्ते आपल्याकडे झाकून ठेवलेले असतात. कचेरीत ते चार-पाच जणांनाच दिसतात. गस्तीच्या गाडीला मात्र दिसावेच लागतात, कारण हाक आली तर आधी तूच पोचणार. ते पत्ते एखाद्या उघड्या स्क्रीनवर तुमच्याबरोबर गावभर फिरतात.

तुझ्या सत्तेचाळीस नंबरच्या गाडीचं काम मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. सीटखाली तुझी केसांची क्लिप सापडली, सोबत पाठवते. आणि एक सांगते, दादाला कळू देऊ नकोस. रोज सकाळी आल्या आल्या स्क्रीनवर गाड्यांच्या यादीत मी आधी सत्तेचाळीस बघते. हिरवा ठिपका दिसला, म्हणजे तू सुखरूप चौकीत आहेस, की मग चहा घेते. तो म्हणेल, आई गेली आणि ही तिच्या जागी येऊन बसली.

तुझी
वहिनी


चौकी
२८ मार्च

प्रिय वहिनी,

क्लिप मिळाली. दोन महिने मी ड्रायव्हरकाकांवर संशय घेत होते. त्यांच्या डोक्यावर क्लिप अडकवण्याइतके केस नाहीत हे लक्षात यायला हवं होतं.

काकांबद्दल तुला लिहिलंच नाही कधी. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. बोलणं मोजकं, गाडी मात्र झोपलेल्या पोराला उचलून न्यावं तशी चालवतात. डिकीत एक जाड दोर असतो. बंद पडलेली गाडी ओढायची तर काका त्याला स्वतःची अशी एक गाठ मारतात, दोन वेढे आणि वर उलटा फास. कितीही ओढा, सुटत नाही. शेपूट धरून एक हिसका दिला की मोकळी. मला अजून जमली नाही.

आता तुझ्या लॉकबद्दल. रागावणार नसशील तर लिहिते. रागावलीस तरी लिहिते.

गेल्या सोमवारी फोन आला, एकट्या राहणाऱ्या आजी जिन्यावरून पडल्या म्हणून. आम्ही निघालो. रस्त्याला फाटा फुटतो तिथे पोचलो आणि स्क्रीन लॉक. हातांना घाम, गाडी हलतेय, तीनदा आकडे चुकले. तीनदा चुकलं की मुख्यालयातून उघडून घ्यावं लागतं. वायरलेसवर पत्ता सांगायचा नाही हाही तुमचाच नवा नियम, कुणीही ऐकतं म्हणून. ड्यूटीवरचा मुलगा मला माझ्याच नोकरीचा नंबर, रुजू झाल्याची तारीख, साहेबांचं नाव विचारत बसला. अकरा मिनिटं, वहिनी. डावीकडे जायचं की उजवीकडे, एवढ्यासाठी. काका स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते समोर बघत होते.

आजी वाचल्या. पण शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं माहितेय? "इतका वेळ का लागला ग?"

माझ्या गाडीपुरतं काही करता येईल का? कुणाला कळणार नाही.

तुझी
ठमी


मुख्यालय
४ एप्रिल

प्रिय ठमे,

नाही.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आजींचा प्रश्न डोक्यातून जात नाही. भाजी चिरतानाही अकरा मिनिटं मोजत असते. तरीही नाही. एका गाडीचं लॉक आपलं माणूस म्हणून काढलं, तर उद्या दुसऱ्या गाडीत दुसऱ्या कुणाचं माणूस असेल.

रीतसर काय करता येतं ते बघते. अडीअडचणीला गाडीतून एक बटण दाबलं की इथून लॉक थोड्या वेळासाठी उठवायचं, असं काहीसं डोक्यात आहे. त्याची चाचणी घ्यावी लागेल, मग आमच्या वरिष्ठ मॅडमची सही. तोवर दर मिनिटाला स्क्रीनला बोट लावत राहा. आणि कार्ड. गाडीतून उतरलीस की कार्ड काढून खिशात. मला वचन दे.

पुन्हा असलं काही मागू नकोस. मागितलंस की नाही म्हणताना मला त्रास होतो.

तुझी
वहिनी


चौकी
१६ एप्रिल

प्रिय वहिनी,

तोंडाने नाही म्हणायचं आणि मुकाट्याने करून ठेवायचं. आई अगदी असंच करायची. सहलीला जायचं नाही म्हणून दिवसभर ओरडायची आणि सकाळी डबा भरलेला. दादा म्हणेल ते खरंच आहे, तू तिच्याच जागी बसलीस.

गेल्या शुक्रवारपासून माझी स्क्रीन लॉक होत नाही. दोन दिवस मला वाटलं योगायोग. मग मुद्दाम तासभर हात लावला नाही. ढिम्म, तशीच उघडी. मी कुणाला बोलले नाही आणि बोलणार नाही. काकांना मात्र कळलं, गाडीत शेजारीच बसतात. ते म्हणाले, "वहिनींना माझा नमस्कार लिहा." त्यांनी आपण होऊन कुणाला नमस्कार सांगितल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

आता निघाल्यावर आकड्यांची धास्ती नाही. कार्ड खाचेत राहतं, चढ-उतार करताना खटपट नाही. तू सोय केली आहेस म्हणजे विचार करूनच केली असशील.

तुझी
ठमी


मुख्यालय
२२ एप्रिल

ठमे,

पिशवीची एक फेरी चुकली, तुझं पत्र आज हातात पडलं. वाचून दहा मिनिटांत तुला फोन केला. "कार्ड काढ आणि खिशात ठेव," एवढंच बोलले आणि ठेवला, कारण इथले फोन रेकॉर्ड होतात. तुला वाटलं असेल वहिनी चिडली. मी चिडले नव्हते, घाबरले होते.

मी काहीही केलेलं नाही. तुझ्या गाडीचं लॉक मी काढलेलं नाही.

ते मी आता परत लावलंय. कुणी काढलं ते शोधतेय. पण त्याआधी दुसरंच सापडलं. शनिवारी, अठरा तारखेला, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तुझ्या कार्डावरून एका बाईचं नाव शोधलं गेलं. तिचा पत्ता झाकलेल्यांपैकी आहे. नवऱ्याने तिला दोनदा शोधून काढून मारलंय, हे तिसरं घर. त्या दिवशी तिचा फोन नाही, तक्रार नाही, तुला तिकडे पाठवल्याची नोंद नाही. पत्ता चार मिनिटं स्क्रीनवर होता.

तू पाहिलास का? तू नसशील तर कोण? खरं तेच लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

शिपाई आत्ता तुमच्याकडे निघतोय, त्याच्या हाती देते. शुक्रवारच्या पिशवीने उत्तर यायला हवं. मॅडमना अजून सांगितलेलं नाही. शनिवारच्या पुढे मी हे दाबून ठेवू शकत नाही. कुठेतरी एक बाई दाराला कडी लावून निर्धास्त बसली असेल, आणि ती निर्धास्त आहे याचीच मला भीती वाटते.

वहिनी


चौकी
२४ एप्रिल

वहिनी,

मी नव्हते. त्या वेळी मी चौकात होते, ट्रक आणि स्कूटरची धडक झाली होती, जबाब घेत होते. कार्ड खाचेत. गाडीत काका.

आज मी त्यांना विचारलं. गाडी बाजूला घ्या म्हटलं आणि त्या बाईबद्दल तू लिहिलेलं सगळं सांगून टाकलं. त्यांनी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "माझी मुलगी आहे ती."

त्यांना मुलगी आहे एवढंच मला माहीत होतं. परगावी असते, इतकंच ते सांगायचे. दोन वर्षांपूर्वी तिने नवऱ्याचं घर सोडलं आणि पत्ता कुणालाच द्यायचा नाही असं लिहून दिलं. वडिलांनाही नाही. कारण जावई दर रविवारी काकांकडे येतो. औषधं आणून देतो, पंखा दुरुस्त करतो, चहा पितो आणि निघताना विचारतो, "बाबा, काही कळलं का?" काका नाही म्हणतात. आतापर्यंत ते खरं होतं.

"मला जायचं नव्हतं तिच्याकडे," काका म्हणाले. "स्क्रीन उघडी होती. नाव टाकलं. आहे का नाही, एवढंच बघायचं होतं."

"मग चार मिनिटं काय बघत होतात?"

"खाली एक ओळ होती. बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं. तिथे माझं नाव होतं. माझा फोन नंबर होता." मग म्हणाले, "नंबर बरोबर लिहिलाय तिने."

मग बाकीचं त्यांनीच सांगितलं. मागच्या रविवारी ताप आलाय म्हणून त्यांनी जावयाला दार उघडलं नाही. त्यांना खोटं बोलता येत नाही, चेहऱ्यावर दिसतं, आणि जावयाला ते पक्कं माहीत आहे. "दर रविवारी ताप कुठून आणू?" म्हणाले.

वहिनी, ती नोंद पुसता येते का? मला माहीत आहे मी काय मागतेय. चौदा महिन्यांचे तेरा राहिलेत. त्यांचं पेन्शन जाईल. माझं जे व्हायचं ते होवो, कार्ड मी सोडलं होतं. पण तो माणूस वाईट नाही ग.

ठमी


मुख्यालय
२५ एप्रिल, सकाळी नऊ

प्रिय ठमे,

लॉक कुणी काढलं ते सापडलं. मी काढलं.

तुझ्या अकरा मिनिटांवर उपाय शोधत होते ना, त्याची चाचणी दहा तारखेला घेतली. इथून लॉक उठतं का ते बघायचं होतं. चाचणीसाठी माझ्या टेबलावर एक वेगळा कॉम्प्युटर ठेवलेला असतो, त्याचा नंबर तीनशे दोन. नंबर टाकला, उठवण्याची आज्ञा दिली. टेबलावरचा काही उघडला नाही. मला वाटलं, चाचणी फसली. डोकं दुखत होतं, पर्स उचलून घरी गेले.

काल संध्याकाळी नोंद उघडली. मी तीनशे दोन टाकलाच नव्हता. सत्तेचाळीस टाकला होता.

रोज सकाळी बघून बघून माझ्या बोटांना तो एकच नंबर पाठ झालाय. सासूचं नाव ठेवणाऱ्याला मी हसले होते. बायकोच्या, लेकीच्या नावाच्या सतरा चिठ्ठ्या फाडल्या, आणि स्वतःच्या बोटांत अठरावी घेऊन बसले. चाचणी फसली नव्हती, ठमे. अगदी उत्तम झाली होती.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नोंद पुसता येते. मला येते, दोन मिनिटांचं काम आहे. रात्रभर तेच डोक्यात होतं. माझी चूक पुसली जाईल, तुझं कार्ड, काकांचं पेन्शन. पण काकांच्या डोक्यातला पत्ता मला पुसता येत नाही, आणि उद्या रविवार आहे.

मॅडम दहाला येतात. त्यांच्या टेबलावर दोन अर्ज ठेवणार आहे. वरचा, त्या मुलीला आजच्या आज दुसरीकडे हलवा असा. खालचा माझा, चूक कबूल केल्याचा. का हलवायचं ते विचारतील तेव्हा काकांचं आणि तुझं नाव घ्यावं लागेल. घेईन. तुझा दादा सकाळी म्हणाला, "काय झालंय तुला?" मी म्हटलं, "संध्याकाळी सांगते."

माझ्यावर रागाव, पण पत्र लिहिणं बंद करू नकोस.

तुझी
वहिनी


चौकी
२५ एप्रिल, सकाळी आठ

प्रिय वहिनी,

हे पत्र घेऊन काका तुझ्या दाराशी उभे राहतील. पत्र त्यांनी उघडलेलं नाही. उघडणारही नाहीत.

मी रात्रभर तू नोंद पुसशील का याचाच विचार केला. सकाळी सातला काका आले, कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, हातात टोपी. मला वाटलं सुट्टी मागायला आलेत. म्हणाले, "तिला तिथून हलवायला कुणाला सांगावं लागतं?"

मी म्हटलं, "काका, वहिनी काहीतरी करेल. थोडं थांबा. तुम्ही बोललात तर नोकरीवर बेतेल."

"मला कळलंय म्हणजे त्याला कळेल," ते म्हणाले. "आज नाही कळलं तर पुढच्या रविवारी. तिला अशा ठिकाणी न्या की मला माहीत नसेल."

मग त्यांनी माझ्याकडे एक कोरा कागद मागितला आणि विचारलं, "निवेदन कुणाच्या नावे लिहायचं?" तीस वर्षं दुसऱ्यांची निवेदनं नेऊन पोचवली, स्वतःचं कधी लिहिलं नव्हतं. मी मजकूर सांगायला लागले तर नको म्हणाले. पाच ओळी लिहिल्या. त्यात माझ्या उघड्या कार्डाचा उल्लेखच नाही. तो मी खाली माझ्या हाताने घातला आणि सही केली.

काल तुझ्याकडे जे मागितलं ते मागितलंच नाही असं समज. समजता येत असेल तर.

बसने येताहेत, गाडी नको म्हणाले. तुझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे हे सांगितलंय. त्यांचे गुडघे दुखतात, वाटलं तर तूच खाली ये.

तुझी
ठमी


मुख्यालय
२० मे

प्रिय ठमे,

चौकशी संपेपर्यंत तुला लिहायची मनाई होती. काल संपली.

आपल्या दोघींची पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. मी मॅडमच्या खोलीत दोन्ही अर्ज ठेवून उभी होते, त्या वाचत होत्या, आणि शिपाई म्हणाला, खाली कुणी ड्रायव्हर आलेत. मी जिना उतरून गेले. ते बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हटलं, "मी ठमीची वहिनी." ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "तिला मनाला लावून घेऊ नको म्हणावं." तुझ्याबद्दल म्हणत होते की लेकीबद्दल, कुणास ठाऊक.

त्या मुलीला त्याच दिवशी दुपारी चारच्या आत हलवलं. आमच्यातली जी बाई न्यायला गेली तिने सांगितलं, का जायचं ते ऐकल्यावर मुलगी लगेच उठली. दोन पिशव्या भरल्या. गाडीत बसल्यावर तिने एवढंच विचारलं, "बाबांचे गुडघे कसे आहेत?" हे काकांना सांगायला हरकत नाही, मी मॅडमना विचारून घेतलंय.

त्यांचं पेन्शन वाचलं. स्वतःहून आले म्हणून. एक पगारवाढ गेली. तुझे निलंबनाचे पंधरा दिवस तू भोगलेसच. मला सहा महिने कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. तळमजल्यावर जुने कागद लावत बसते. इथे खिडकी आहे, ते एक बरं. पण सकाळी ठिपका दिसत नाही. चहा गार होतो तरी उचलवत नाही. पिशवीत रोज जमणार नाही, पण मंगळवार-शुक्रवार एक ओळ टाकत जा. नुसतं "पोचले" लिहिलंस तरी चालेल.

चाचणीचे नंबर आता मॅडम चिठ्ठी काढून ठरवतात. आणि तुझं बटण मंजूर झालं. अकराऐवजी अर्धं मिनिट.

तुझी
वहिनी


चौकी
१२ जून

प्रिय वहिनी,

पोचले. हे आधी.

काल सत्तेचाळीस नंबर बटण बसवून घ्यायला वर्कशॉपला आणली होती. तू तळमजल्यावर दिसतेस का बघितलं, खिडकी बंद होती.

हल्ली मी स्क्रीन उघडली की काका मान वळवून बाहेर बघतात. मी सांगितलेलं नाही. मी खाली उतरले की विचारतात, "कार्ड?" मी खिशावर हात मारते. मग ते काच वर घेतात. गुडघ्यांचं मी त्यांना सांगितलं तेव्हा ते गाडीचा दरवाजा पुसत होते. तो दरवाजा त्यांनी त्यानंतर तीनदा पुसला.

जावई अजूनही रविवारी येतो. काका दार उघडतात. विचारलं तर नाही म्हणतात, आणि ते परत खरं आहे.

काल परत येताना त्यांनी वेग कमी केला. म्हणाले, "पुढच्या गल्लीतून नेऊ का? आता तर ती तिथे नाही."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. तो पत्ता आता कुणाच्याच कामाचा नाही. मी म्हटलं, "न्या."

चार मजली साधी इमारत. पहिल्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली अजून कुणी घेतली नाही, खिडकीला पडदा नव्हता. आत रिकामी भिंत दिसत होती. काकांनी समोर गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं. खिडकीच्या गजाला कपडे वाळत घालायची दोरी राहून गेली होती. तिचं एक टोक गजाला बांधलेलं होतं. दोन वेढे, वर उलटा फास, शेपूट बाहेर.

काकांनी बोट दाखवलं नाही. एक मिनिट झालं असावं, कारण आमच्या दोघांच्या मध्ये स्क्रीन आपोआप लॉक झाली. मग त्यांनी गिअर टाकला.

तुझी
ठमी